तुम्ही विचारलंत म्हणून: इशिगुरो ब्रिटिश कसे?

इंग्रजी साहित्य शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ब्रिटिश कादंबरीकार म्हणून गाजलेले काझुओ इशिगुरो जपानमधल्या नागासाकीत जन्मले, अब्दुलरझाक गुर्ना पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारचे, सलमान रश्दी तर आपल्या मुंबईचे. मग आजच्या ब्रिटिश कादंबरीत ब्रिटिश असं काय उरलं? साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेतूनच यावं असं सांगणारा भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद वाचलेली मंडळी हे जास्तच जोर लावून विचारतात.

एके काळी तिकडे निखळ, घरची अशी परंपरा होती आणि बाहेरच्यांनी ती मोडली, ही समजूतच मला पटत नाही. या बाबतीत इंग्रज समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांच्याइतका कडक परीक्षक शोधून सापडणार नाही. १९४८च्या 'द ग्रेट ट्रॅडिशन'मध्ये त्यांनी डिकन्सलाही जवळपास दाराबाहेर ठेवलं आणि पहिल्याच वाक्यात थोर इंग्रजी कादंबरीकारांची चार नावं दिली: जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, हेन्री जेम्स, जोसेफ कॉनरॅड. यातले जेम्स न्यूयॉर्कचे. कॉनरॅड पोलिश, इंग्रजी शिकले ते विशीत, जहाजांवर नोकरी करताना. इतक्या सोवळ्यातल्या यादीतही निम्मे बाहेरून आलेले!

माझ्या मते लेखक परंपरेतला ठरतो तो तिच्याशी आतून भांडतो तेव्हा. इशिगुरो पाच वर्षांचे असताना इंग्लंडला आले. त्यांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' या कादंबरीला १९८९ साली बुकर पारितोषिक मिळालं. त्यातला बटलर स्टीव्हन्स मालकाची गाडी घेऊन प्रवासाला निघतो. सॉल्झबरीच्या वाटेवर एका टेकडीवरून खालची शेतं, कुंपणं बघतो आणि म्हणतो, या भूमीचं थोरपण तिच्या संयमात आहे, तिला आपलं सौंदर्य मिरवावं लागत नाही. तिथून त्याचा विचार घसरतो तो थेट 'थोर बटलर कोणाला म्हणावं' याकडे. हे वाचताना हसू येतं, आणि पुढे अंगावर काटा येतो. कारण याच संयमाने त्याने पूर्वी दोन ज्यू मोलकरणींना तेव्हाच्या मालकाच्या हुकमावरून कामावरून काढलेलं असतं, चकार शब्द न काढता. प्रवासाचा महिना आहे जुलै १९५६. त्याच महिन्यात इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ब्रिटिश-फ्रेंच कंपनीच्या हातचा सुएझ कालवा ताब्यात घेतला. कादंबरीत सुएझचं नावही नाही, पण साम्राज्य संपल्याची जाणीव पानोपानी आहे. मोठा वाडा, नोकरचाकर, मागे हिरवा परिसर, हा सगळा इंग्रजी कादंबरीचा पिढीजात ऐवज. त्याचा हिशेब इतक्या नेमकेपणाने मागणारा लेखक परका कसा?

आणि जन्माने ब्रिटिश असून तरी कुठे भागतं? कादंबरीकार जेम्स केलमन अस्सल स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. १९९४ साली त्यांच्या 'हाउ लेट इट वॉज, हाउ लेट'ला बुकर मिळालं, तेव्हा परीक्षक मंडळातल्याच एका सदस्याने जाहीर नापसंती व्यक्त केली. शिव्यांनी भरलेली कामगारवस्तीची बोली अनेकांच्या पचनी पडली नाही. आपल्या संस्कृतीला आणि भाषेला अस्तित्वाचा हक्क आहे, असं केलमननी त्या समारंभातच ठणकावून सांगितलं. देशीवादी वाचकांनी खरं तर यांना डोक्यावर घ्यायला हवं. पुढे २०२० साली 'शगी बेन'साठी बुकर घेणारे डग्लस स्टुअर्ट हेही ग्लासगोचेच, आणि केलमनच्या त्या पुस्तकाने आपलं आयुष्य बदललं असं ते सांगतात. परंपरा पुढे सरकते ती अशी.

'सुरुवात कुठून करू?' असंही तुम्ही विचारता. ई. एम. फॉर्स्टर यांची १९१०ची 'हॉवर्ड्स एन्ड' आणि झेडी स्मिथ यांची २००५ची 'ऑन ब्यूटी' लागोपाठ वाचा. फॉर्स्टर सुरुवात करतात हेलनने बहिणीला लिहिलेल्या पत्रांपासून. स्मिथ तेच वाक्य उचलतात, फक्त पत्रांच्या जागी जेरोमने वडिलांना पाठवलेले ईमेल येतात. आधी फॉर्स्टर वाचा, मगच स्मिथ.