घाटावरचं मासळीचं दुकान : आमची वाटचाल

कराडात मासे विकून घर चालवायचं म्हटलं की लोक अजून पण विचारतात, चालतं का हो? कारण आपला भाग पहिल्यापासून मटणाचा. पाहुणा आला की मटण, जत्रेला मटण, मासे म्हणजे कधीतरी रविवारी नदीचा वाम नाहीतर मरळ मिळाला तर. वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा रत्नागिरीहून कुंभार्ली घाटातनं रात्रीची गाडी यायची, बर्फात बांगडा आणि बोंबील, आणि गुरुवार, श्रावण, नवरात्र आलं की दुकान थंड. सुरमई तर आम्ही एखादीच मागवायचो कारण उरली तर कुणाला देणार.

मी पूर्णवेळ दुकानात आलो तेव्हा दोन गोष्टी एकदमच बदलत होत्या. गिऱ्हाईक वाढत होतं, कॉलेजला बाहेरच्या राज्यातली पोरं आली, डॉक्टर लोक मासे खा म्हणून सांगायला लागले, घरातल्या बायका बिनकाट्याचं मागायला लागल्या. आणि त्याच वेळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा लिलाव आपल्या हातात राहिला नव्हता. म्हाकूल, म्हणजे स्क्विड, आधी आम्हाला स्वस्तात मिळायचं, आता बोट लागायच्या आधीच एक्स्पोर्टवाल्याचा माणूस उभा, कारण तो माल स्पेन, इटलीला जातो. मोठी वाकटी चीनला जाते. आणि राणी मासा, जो आपल्याकडं कुणी नाव घेऊन मागत पण नाही, त्याचं मांस काढून धुवून त्याची सुरिमी, म्हणजे लगदा, करतात, गोठवून जपान आणि इतर देशांत पाठवतात आणि तिकडं त्याच्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. म्हणजे आमच्या काउंटरवरचा भाव कराडच्या मंडईत ठरत नाही, दूरच्या कुणाच्या तरी ताटावर ठरतो, हे मला तेव्हा नीट कळलं आणि मग मी त्याचा अभ्यासच सुरू केला.

एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे आकडे वाचले तर डोळे उघडतात. १९६१ साली जगातला माणूस वर्षाला सरासरी ९.१ किलो मासळी खायचा, २०२२ मध्ये २०.७ किलो, आणि मधल्या काळात माणसं पण दुपटीच्या वर वाढली. समुद्र मात्र तेवढाच, पकडलेल्या माशांचं उत्पादन १९८० च्या दशकाच्या शेवटापासून साधारण तिथंच अडकलंय. मग वाढीव मासा आला कुठनं तर तळ्यातनं. २०२२ साली पहिल्यांदाच जगात पाळलेली मासळी पकडलेल्या मासळीच्या पुढं गेली, ९.४४ कोटी टन विरुद्ध ९.१ कोटी टन. आणि मत्स्यपालनात चीननंतर आपलाच देश आहे.

हे वाचल्यावर मी ठरवलं की नुसत्या समुद्रावर बसायचं नाही. भिगवणवरनं उजनीची चिलापी सुरू केली, माण-खटावकडच्या शेततळ्यांतनं रोहू, कटला, पंगस घ्यायला लागलो. आधी लोक नाकं मुरडायची, तळ्याचा मासा, मातीचा वास येतो म्हणून. वास येतो हे खरंय, पण तो पाण्यावर असतो. म्हणून आम्ही शेतकऱ्याला सांगतो की काढायच्या आधी मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवा, खाद्य बंद करा, वास जातो. आज रविवारी सुरमईपेक्षा चिलापी जास्त जाते आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर तीच आम्हाला सांभाळते.

एका व्यापाऱ्यानं मला पंगसचे गोठवलेले तुकडे भारी नावाचं लेबल लावून विकायला सांगितलं होतं, मार्जिन चांगलं होतं, पण मी नाही घेतलं. पंगस चांगला मासा आहे, काटे कमी, लहान पोरांना देता येतो, मग पंगस म्हणूनच विकायचा.

कोळंबीचा भाव पण असाच बाहेर ठरतो. आंध्रच्या तळ्यांतली वनामी जातीची कोळंबी, तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडं आपल्या मालावरचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, ५० टक्क्यांवर गेला तेव्हा कधी फोन न करणारे डीलर आम्हाला फोन करायला लागले, ३०-४० काउंट आहे घेता का म्हणून. काउंट म्हणजे किलोत किती नग बसतात ते, आकडा जेवढा लहान तेवढी कोळंबी मोठी. आमची मिसेस आणि दोन मावश्या ती साफ करून देतात, डोकं मोडायचं, पाठीला चीर द्यायची आणि काळा दोरा टोकाला धरून हळू ओढायचा, मधेच तुटला तर परत धरायचा. गिऱ्हाईक पैसे देतं ते या कामाचे, नाहीतर कोळंबी तर सगळ्यांकडंच मिळते.

एकच गोष्ट आम्ही दुकानात ठेवत नाही, तळहाताएवढं सुद्धा नसलेलं पापलेट. २०२३ साली सरकारनं पापलेटला राज्य मासा केलं आणि किमान मापाचा नियम पण आणला, १३५ मिलिमीटर. तरी बारकं पापलेट येतंच बाजारात, स्वस्त पडतं म्हणून लोक मागतात पण. एका काकी रागावून गेल्या होत्या माझ्यावर. मी त्यांना म्हटलं, काकी, याला अजून एकदा पण अंडी घालायला मिळालेली नाहीत. त्या दिवशी काही न घेता गेल्या, पुढच्या बुधवारी येऊन हलवा मासा घेऊन गेल्या.

सध्या मागच्या खोलीत छोटा कोल्ड रूम बसवतोय, बँकेचं काम झालंय, इलेक्ट्रिकचं राहिलंय. तो झाला की साताऱ्याला सकाळची डिलिव्हरी सुरू करणार, साफ केलेली चिलापी आणि रोहू आधी, समुद्राचं नंतर.