पुराण की प्राण

बडोद्यातील एका जुन्या मराठी वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल मी करतो. गेल्या महिन्यात एका सकाळी तेथील ग्रंथपालकाकांचा फोन आला, की ग्रंथसूचीत एकही मराठी अक्षर उरलेले नाही. आदल्या आठवड्यात एका कंत्राटदाराने सगळी माहिती नव्या सर्व्हरवर हलवली होती आणि तक्रार केल्यावर ‘तुमच्या ब्राउझरमध्ये मराठी फाँट नाही’ असे सांगून तो मोकळा झाला होता.

हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो. फाँट नसला तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. येथे प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हे होती आणि त्यांतले पहिले नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेले फ्रेंच अक्षर. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत, म्हणजे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांत, साठवले जाते. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. विंडोज-१२५२ ही प्रत्येक बाइटाला एकेक चिन्ह देणारी पाश्चात्त्य सारणी लावली, की तेच तीन बाइट तीन स्वतंत्र चिन्हे होऊन पडद्यावर येतात. मजकूर कोणत्या पद्धतीने वाचायचा ही सूचना सर्व्हर हेडरमधून पाठवतो आणि पानातल्या मेटा टॅगमध्येही ती असते; हेडर मेटा टॅगवर मात करतो, म्हणून तो आधी तपासला. तो बरोबर होता. म्हणजे स्थलांतराच्या वेळी माहितीच चुकीच्या सारणीतून गेली होती.

मी ते रूपांतर उलटे फिरवले आणि तासाभरात बहुतेक मजकूर परत आला. काकांनी पहिलेच पान उघडले आणि म्हणाले, “अरे, तुकारामांचा उकार कुठे गेला?”

त या अक्षरापुढे काळ्या हिऱ्यातले प्रश्नचिन्ह उभे होते. एकनाथांचा ए गेला होता, सगळे झ गेले होते, जोडाक्षरे तुटली होती; दीर्घ ऊकार मात्र जागच्या जागी होता. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९, हलन्ताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा, १४१, ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. कंत्राटदाराच्या प्रोग्रॅमने या जागी साधे प्रश्नचिन्ह भरले होते, म्हणून उरलेल्या अर्धवट बाइटांच्या जागी ब्राउझर तो हिरा दाखवत होता; आणि मूळ प्रत त्याने पुसून टाकली होती. गुजराती पुस्तकांच्या नोंदींतही नेमका ऱ्हस्व उकार आणि हलन्त हरवला होता, कारण अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकाने इस्की या भारतीय मानकाला धरून आपल्या लिप्या समांतर मांडल्या आहेत.

पहिले दोन बाइट शाबूत होते, एवढाच आधार होता. दुसरा १६५ असेल, तर सुटा ॐ सोडल्यास हरवलेले चिन्ह व्यवहारात ऱ्हस्व उकार किंवा हलन्त, या दोहोंपैकीच एक. मी दोन्ही पर्याय शब्दसूचीशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम लिहिला आणि दुपारपर्यंत बहुतेक जागा भरल्या. तो जेथे अडला, तेथे मीही अडलो: प, मग खळगा, मग राण. उकार घातला तर पुराण, हलन्त घातला तर प्राण. धार्मिक ग्रंथ आणि योगाची पुस्तके एकाच कपाटात असलेल्या वाचनालयात दोन्ही शब्द सारखेच संभवतात.

काकांनी ग्रंथसूचीच्या जुन्या कार्डांचे लाकडी खण उघडले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्या शहरात ही कार्डे अजून जपून ठेवलेली आहेत याचे मला त्या दिवशी फार मोल वाटले. काका बोरूच्या वळणाच्या अक्षरातली शीर्षके वाचत गेले आणि मी जागा भरत गेलो.

संध्याकाळी एक नोंद उरली. तिचे कार्ड खणात नव्हते आणि पुस्तकही कपाटात नव्हते. “पुराणच असणार रे, घाल,” काका म्हणाले. मी घातले नाही. ती नोंद अजून त्या हिऱ्यासकट पडद्यावर आहे.