लिंबात पडलेलं पोवळं

हरतालिकेच्या रात्री पूजेची तांब्याची उपकरणी लिंबू-मिठाच्या पाण्यात भिजत घातली आणि हात बुडवायच्या आधी अंगठी काढून ओट्यावर ठेवली. सकाळी ओट्यावर अंगठी नाही. शोधाशोध, कामवालीवर उगाच मनातल्या मनात संशय (तिची माफी मनातल्या मनातच मागितली), आणि शेवटी पळी-पंचपात्राखाली, पातेल्याच्या तळाशी सापडली. सोनं होतं तसंच, उलट जरा उजळलेलं. पोवळं मात्र चोखून टाकलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं दिसत होतं. झिलई गेली, रंग फिका पडला आणि बोट फिरवलं तर खरखरीत.

अंगठी सासूबाईंची. मंगळासाठी घातलेली. मंगळाने त्यांचं काय भलं केलं ते त्यांनाच माहीत, पण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ती अंगठी त्यांच्या आणि मग माझ्या बोटात मिळून साठेक वर्षं टिकली. आणि घालवली कोणी? गुजराती माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने. पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू म्हणजे आम्ल. आठवीतल्या ढ पोरानेही सांगितलं असतं.

नात चिनू अकरा वर्षांची आहे. तिने अंगठी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "आजी, हा दगड आहे ना? मग विरघळला कसा?"

दगड नव्हे गं, कुणाचं तरी घर आहे ते. लाल पोवळं आपल्या समुद्रातलं नाहीच, ते येतं भूमध्य समुद्रातून. रोमचा प्लिनी पहिल्या शतकातच लिहून गेलाय की आपल्याकडच्या बायकांना मोत्यांची जेवढी हौस, तेवढी हिंदुस्थानातल्या पुरुषांना पोवळ्यांची. आजही ज्योतिषी तेच पोवळं सांगतात. खोल, अंधाऱ्या पाण्यात ते झुडपासारखं वाढतं, आणि त्याच्या फांदीची जाडी वर्षाला जेमतेम पाव मिलिमीटर वाढते. म्हणजे माझ्या अंगठीतलं पोवळं व्हायला समुद्रात तीसेक वर्षं लागली असतील. लिंबात एक रात्र पुरली.

चिनूला हे सांगताना मला नराराचं पाणी आठवलं.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं जामनगरला गेलो होतो. तिथून साठेक किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ साली झालेलं, देशातलं पहिलं. तिथे प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचेच भाऊबंद, पाहायला बुडी मारावी लागत नाही, ओहोटीला चालत जायचं. म्हणून तिथली माणसं तारीख विचारत नाहीत, तिथी विचारतात. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. समुद्र पार मागे हटलेला, आणि आम्ही जुने कॅनव्हासचे बूट घालून घोटाभर चिखलपाण्यातून चाललोय. यांचा पाय एकदा घसरला तसा वाटाड्या ओरडला, "साहेब, पग जोईने मूकजो, आ जीवतुं छे!" पायाखालचं जिवंत आहे, बघून पाऊल टाका.

माझ्या डोक्यात प्रवाळ म्हणजे लालभडक. इथे तर तपकिरी, शेवाळी, मातकट गोळे. कुठे सुपाएवढे, कुठे मेंदूसारख्या वळ्यांचे. खरं सांगते, पहिल्यांदा निराशाच झाली. मग वाटाड्याने ओणवं होऊन दाखवलं की गोळ्यावरचं प्रत्येक बारीक भोक म्हणजे एक प्राणी. तो मातकट रंगही त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा आहे. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडं म्हणा. भाडं घसघशीत आहे, प्राण्याच्या खर्चाचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग त्यातून निघतो. त्या जोरावर तो आपल्या तळव्याखाली चुन्याचा थर घालतो, त्यावर चढून बसतो, पुन्हा थर घालतो. दिवसा हे काम रात्रीच्या सुमारे तिप्पट वेगाने चालतं. फांद्यांची जात वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढेल, पण पोराइट्ससारखे गोळे वर्षाला सेंटिमीटरभर. म्हणजे मीटरभर उंचीचा गोळा कुठे दिसला, तर त्याने पाया घातला तेव्हा बडोद्याच्या गादीवर तिसरे सयाजीराव महाराज होते असं समजायचं.

हल्ली समुद्रातही असा चुना जमवणं प्रवाळाला अवघड होत चाललंय, असं मी म्हटलं. चिनूचा पुढचा प्रश्न सरळ होता. "समुद्रात लिंबू कोण पिळतंय?"

याला उत्तर तोंडी द्यायचं नसतं. पानाच्या गल्ल्यावरून चुन्याची पुडी आणली, पाण्यात ढवळली, झाकून ठेवली, आणि दुपारी वरचं स्वच्छ पाणी गाळून घेतलं. चुन्याची निवळी. शाळेत आम्ही 'चूनानुं नीतर्युं पाणी' म्हणायचो. अजून झोपेतसुद्धा हा प्रयोग मला गुजरातीतच पडतो. त्यात निम्मं साधं पाणी घातलं, कारण निवळी दाट असली की पोरं फुंकून फुंकून भोवंडतात आणि मग पालक शाळेत येतात. चिनूने स्ट्रॉने फुंकायला सुरुवात केली. पाव मिनिटात पाणी दुधाळ. तिच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा खडू केला.

बहुतेक शाळांत प्रयोग इथेच संपतो. पुस्तकात चौकट असते, 'निवळी दुधाळ होते', दोन मार्क. मी पोरांना पुढे फुंकायला लावायची. शाळेत किपच्या उपकरणातून वायू सोडायचे, घरी सोड्याची बाटली आणली आणि दुधाळ पाण्यात थोडा थोडा थंड सोडा ओतला. चिनूच्या डोळ्यांदेखत दूध परत पाणी झालं. खडू गायब! ज्या वायूने खडू केला, त्याचाच जास्तीचा हिस्सा खडू खाऊन गेला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, त्यातला हायड्रोजन आयन सुटतो आणि कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतो. बायकार्बोनेट पाण्यात विरघळतं. रचायच्या विटाच पळवल्या.

समुद्रात हेच होतंय, पण इथे माझ्यातली मास्तरीण जागी होते. 'समुद्र आम्लधर्मी झाला' असं वर्तमानपत्रात वाचलं की हातात लाल पेन असल्यासारखं वाटतं. झालेला नाही. समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच पूर्वी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. सातच्या खाली गेला तर आम्ल म्हणायचं, म्हणजे अजून अल्कधर्मीच. फक्त ही मोजपट्टी लॉगची आहे, एक अंक खाली म्हणजे आम्लपणा दहापट, त्यामुळे नुसता ०.१ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयन सव्वीसेक टक्क्यांनी वाढले. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ साली कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाईत मोजायला घेतला तेव्हा दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे, आणि आपण सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो. तरी उष्ण समुद्रातलं पाणी आजही जिवंत प्रवाळ विरघळवत नाही. माझ्या पातेल्यात झालं तसं तिथे होत नाही. तिथे महागाई होते. प्राणी आपल्या कातडीखालच्या चिमूटभर द्रवातून हायड्रोजन आयन पंपाने बाहेर फेकतो आणि कॅल्शियम आत घेतो, तेव्हा कुठे चुना जमतो. बाहेर आयन जास्त झाले की पंपाला जोर जास्त लागतो. घर बांधणं थांबत नाही, सिमेंटचा भाव वाढतो.

(सिमेंटवरून आठवलं. एके काळी कच्छच्या आखातातली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठीच उपसून नेत. वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा यांनी त्याला दोनदा विचारलं, खरंच का?)

तिसरा भाग मी मुद्दाम राखून ठेवला होता. सोड्याने स्वच्छ झालेलं पाणी गॅसवर ठेवलं. उकळी फुटायच्या आधीच ते पुन्हा गढुळलं. गरम पाण्यात वायू टिकत नाही, तो निघून जातो आणि खडू परत येतो. आमच्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो असाच.

चिनू म्हणाली, "मग समुद्र गरम होतोय ते चांगलंच आहे की!"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नव्हता. आणि तो मूर्खपणाचा अजिबात नाही. उबदार पाण्यात चुना जमवणं सोपं जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोराइट्सचे गाभे, म्हणजे गोळ्यात भोक पाडून काढलेले लांब दांडे, तपासून कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की दक्षिणेकडच्या थंड पाण्यातल्या प्रवाळांची वाढ विसाव्या शतकात चक्क वाढली होती. थंडीने आखडलेल्याला ऊब मिळाली. पण जो आधीच आपल्या कमाल तापमानाच्या काठावर बसलाय त्याचं काय? नेहमीच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की अंगातलं शैवाल बिघडतं आणि प्राणी त्याला बाहेर काढतो. भाडेकरू गेला, रंग गेला, भाडं बंद. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. उपाशी माणूस घराचा मजला वाढवत बसत नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात सागरी जीवशास्त्रज्ञ रोहन आर्थर यांनी आपल्याकडच्या तीन ठिकाणी हे मोजलं होतं. लक्षद्वीपमध्ये ८२ टक्के प्रवाळ पांढरा पडला होता, मन्नारच्या आखातात ८९ टक्के, आणि आपल्या कच्छच्या आखातात सरासरी ११ टक्के. आखातातला प्रवाळ चिखल, प्रचंड भरती-ओहोटी आणि हिवाळ्यातला गारठा सोसून असतो. मला ज्या मातकट पाण्याची निराशा वाटली होती, तो गढूळपणा काही ठिकाणी प्रवाळाला उन्हाच्या चष्म्यासारखा कामी येतो असंही आढळलंय. म्हणून निर्धास्त राहावं असं नाही, पुढच्या गरम वर्षांत तिथेही प्रवाळ पांढरे पडलेच. २०२३ पासून जगभर सुरू झालेली प्रवाळ पांढरे पडण्याची लाट तर नोंदींतली चौथी.

आता माझ्या हाडांविषयी. विषयांतर वाटेल, पण नाही.

मागच्या वर्षी सुनेने बळेच हाडांची घनता मोजायला नेलं. निकाल उणे २.३. डॉक्टरीण म्हणाली, ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत. मी म्हटलं, उंची तर तेवढीच आहे, पाच फूट एक इंच, माळ्यावरचा डबा अजून स्टूलाशिवाय काढते. ती म्हणाली, "काकू, उंची कमी झालीय असं कोण म्हणतंय? आतून पोकळ होतंय."

प्रवाळाचे अभ्यासकही असंच आतून बघतात. १९७२ साली नटसन, बडमायर आणि स्मिथ यांनी पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावरच्या प्रवाळाचा काप एक्स-रेखाली धरला. त्यात दाट-विरळ पट्टे दिसले, झाडाच्या खोडासारखे, वर्षाला एक जोडी. तिथे अमेरिकेने अणुस्फोट केले होते, त्यांचा किरणोत्सार ठरावीक थरांत अडकलेला, त्यामुळे पट्ट्यांचा हिशोब पडताळताही आला. तेव्हापासून गाभा काढायचा, पट्टे मोजायचे, घनता मोजायची. डीआथ, लाफ आणि फॅब्रिशियस यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या ६९ ठिकाणचे ३२८ गोळे तपासले, तर १९९० पासून चुना घालण्याचं प्रमाण १४.२ टक्क्यांनी घसरलेलं. तिथे उंचीची वाढच मंदावली होती. त्यांनी उष्णता आणि घटता कार्बोनेट, दोघांवर संशय घेतला, एकाचं नाव पक्कं केलं नाही. मला अशी माणसं आवडतात.

पण माझ्या डॉक्टरणीचं वाक्य मी पुन्हा ऐकलं ते मोलिका आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या कामात. प्रवाळ आधी वर वाढतो, पातळ सांगाडा उभारतो, आणि मग तो आतून जाड करत जातो. त्यांना आढळलं की कार्बोनेट कमी झालं तर वर वाढायचा वेग फारसा बदलत नाही, पण जाड करायचं काम मागे पडतं. काही ठिकाणी या शतकाअखेर घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे वरून बघणाऱ्याला खडक तेवढाच उंच, तेवढाच रंगीत. लाट जोराची आली की कळणार. मीसुद्धा न्हाणीघरात हल्ली पाय जपून टाकते.

उपाय? मिठापूरजवळ समुद्रात २०२० मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण आणि गुजरातच्या वनखात्याने लोखंडी सांगाडे उतरवलेत. सौर पट्ट्यांमधून त्यांत मंद वीज सोडतात, ऋण टोकाशी पाणी अल्कधर्मी होतं आणि सांगाड्यावर आपोआप चुना धरतो. त्यावर प्रवाळाचे तुकडे बांधायचे. समुद्र सावरायला हे कुठे पुरणार, पण प्रयोग म्हणून इतका देखणा आहे की वर्ग हाताशी असता तर एक अख्खा तास त्यावर घातला असता.

अंगठी मंगळबाजाराजवळच्या आमच्या नेहमीच्या सोनीकडे नेली. त्याने भिंग लावलं, लिंबाची हकीकत ऐकून हसू दाबलं आणि म्हणाला, पॉलिश होईल बेन, पण घासावं लागेल, नंग बारीक होईल, मग कोंदणाच्या घरात सैल बसेल. मी राहू दे म्हटलं. तशीच खरखरीत घालते, अंगठ्याने चाचपायची सवय लागलीय.

उकळलेल्या पाण्याचा ग्लास त्या रात्री ओट्यावरच राहिला होता. सकाळी बघितलं तर तळाशी आणि कडेने बारीक पांढरी खर धरलेली. चिनूला दाखवायची म्हणून मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात सुनेने त्यात व्हिनेगर ओतून ग्लास लख्ख घासला आणि पालथा घातला.