गाळातले डायटम आणि कुणीच न मोजलेली वर्षं

एखाद्या तळ्याचं पाणी बिघडलंय हे आज कोणीही मोजून सांगेल, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा, कमी म्हणजे आम्लता जास्त) मोजायचा मीटर बुडवला, फॉस्फरस तपासला की झालं. पण बिघडायला लागलं कधी? आणि त्याआधी ते कसं होतं? इथे उत्तरच मिळत नाही, कारण बहुतेक तळ्यांच्या पाण्याच्या नोंदी काही दशकांपलीकडे जात नाहीत आणि मोजायला सुरुवात होते तीही बऱ्याचदा मासे मरायला लागल्यावर किंवा पाणी हिरवं झाल्यावर. मला डायटमचं एवढं वेड आहे ते याचसाठी. कोणी मोजत नव्हतं तेव्हाचं पाणी कसं होतं ते डायटम सांगतात.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. ते स्वतःभोवती सिलिकाचं कवच तयार करतं, दोन भागांचं, डबा आणि त्याचं झाकण असतं ना तसं एकात एक बसणारं. पेशी मेली की आतला मऊ भाग कुजतो, कवच मात्र तळाशी जाऊन गाळात राहतं. कवचावरच्या रेघा, छिद्रं, त्यांची दाटी हे सगळं प्रत्येक जातीचं वेगळं, त्यामुळे हजारो वर्षांनीसुद्धा नुसत्या कवचावरून जात ओळखता येते. आणि या जाती भयंकर चोखंदळ असतात, कुणाला आम्लधर्मी पाणी लागतं, कुणाला भरपूर फॉस्फरस, कुणाला खारटपणा. स्टेफॅनोडिस्कस नावाच्या डायटमच्या बारक्या जाती गाळात एकदम वाढलेल्या दिसल्या की पाण्यात पोषकद्रव्यं वाढली असणार असं समजायचं, म्हणजे सांडपाणी किंवा शेतातली खतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण स्कॉटलंडचं आहे. १९७० च्या दशकात स्कॅन्डिनेव्हियातल्या तळ्यांतले मासे संपत चालले होते आणि आम्लपावसाकडे, म्हणजे कोळसा-तेल जळून हवेत गेलेल्या गंधकामुळे आम्लधर्मी होणाऱ्या पावसाकडे बोट दाखवलं जात होतं, पण सगळ्यांना ते पटत नव्हतं. नॉर्वेचे भूशास्त्रज्ञ रोझेनक्विस्ट म्हणायचे की मुख्य कारण जमिनीचा बदललेला वापर आहे, चराई कमी झाली, झुडपं वाढली, त्याने माती आणि मग पाणी आम्लधर्मी झालं. तिसरं मत असं की अशी तळी हजारो वर्षांत आपोआपच आम्लधर्मी होत जातात. आता हा वाद पाण्याच्या नोंदींवरून सुटणार कसा, जुन्या नोंदीच नव्हत्या! मग रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटर्बी या संशोधकांनी स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या तळ्यांतला गाळ काढला आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातलं एक राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड, ग्रॅनाइटच्या खडकावरचं तळं, भोवती लागवडीचं जंगल नाही, म्हणजे लावलेल्या झाडांमुळे पाणी आम्लधर्मी झालं असा आक्षेप घ्यायलाही जागा नाही. गाळाच्या खालच्या जुन्या थरांतून वर वर येताना टॅबेलारिया क्वाड्रिसेप्टाटासारख्या आम्लपाण्यातल्या जाती वाढत गेलेल्या, आणि बदलाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. पीएच जवळपास एकाने उतरलेला. एक म्हणजे थोडंच वाटतं, पण आम्लता दहापट होते त्यात.

वय कसं कळलं, तर शिसं-२१० वरून. हे किरणोत्सारी शिसं हवेतून तळ्यात पडत असतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, म्हणून गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा गाळ त्याने बरा मोजता येतो. त्याच गाळात अजून एक गोष्ट सापडते, कोळसा आणि तेल कारखान्यांत, वीजकेंद्रांत जळताना तयार होणारे काळे गोल कार्बनचे कण. निसर्गात ते बनत नाहीत. ब्रिटनच्या तळ्यांत ते एकोणिसाव्या शतकात दिसायला लागतात आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भरमसाट वाढतात. पुढे हजारो वर्षांचा लांब कोअर, म्हणजे तळातून नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, पण तपासला गेला, त्यात परागकणांवरून आधीही झाडझाडोरा बदललेला दिसतो पण तेव्हा पाणी असं आम्लधर्मी झालेलं नाही, म्हणजे बोट आम्लपावसाकडेच जातं. मला तर हा युक्तिवाद फार सुंदर वाटतो, डायटम, शिसं, काजळीचे कण, परागकण, सगळे एकाच नळीभर चिखलातून निघालेले आणि एकमेकांना तपासणारे.

काम मात्र कष्टाचं असतं. गाळाचे पातळ काप करायचे, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग काढून टाकायचा, स्लाइड करायची आणि हजारपट मोठं करून प्रत्येक कापातली तीनशे-पाचशे कवचं जात ओळखत मोजायची. मग आजच्या तळ्यांशी तुलना. ब्रिटन आणि स्कॅन्डिनेव्हियातल्या दीडशेहून जास्त तळ्यांत कुठल्या पीएचला कुठल्या जाती राहतात हे आधी नोंदवून ठेवलंय, त्यावरून जुना पीएच काढतात. सगळीकडे हे जमतंच असं नाही, खूप अल्कधर्मी पाण्यात कवचं विरघळून जातात आणि तळातले किडे गाळ ढवळून ठेवतात. अशा कोअरवरून कोणी वर्षावर्षाचे दावे केले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रदूषण जवळपास नसलेल्या ठिकाणी काय दिसतं तेही बघा. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या एल्समियर बेटावर केप हर्शेल नावाची जागा आहे, तिथली छोटी तळी मारियान डग्लस आणि जॉन स्मोल १९८३ पासून बघत होते. गाळात हजारो वर्षं डायटम जवळजवळ तेच आणि एकोणिसाव्या शतकापासून एकदम वेगळे, म्हणजे बर्फाचा काळ कमी झाला, शेवाळ-मॉसवर राहणाऱ्या जाती वाढल्या. २००६ च्या उन्हाळ्यात त्यातली काही तळी पार कोरडी पडली. थर्मामीटर तिथे पोचायच्या कितीतरी आधी डायटम बदलायला लागले होते.

आणि गॅलोवेत पुढे काय झालं? गंधकाचं उत्सर्जन खूप कमी झालं, ब्रिटनमध्ये १९८८ पासून अशा तळ्या-ओढ्यांवर नियमित लक्षही ठेवलं जातंय, पीएच हळूहळू वर येतोय. पण परत येणारे डायटम पूर्वीचेच आहेत असं नाही, काही जुन्या जाती आल्या, काही नाही आल्या आणि काही अशा आल्यात ज्या तिथे आधी फारशा नव्हत्याच. युरोपच्या २००० च्या पाणी-कायद्यात तळं मूळ अवस्थेच्या किती जवळ आहे त्यावरून त्याचा दर्जा ठरतो, आणि ती मूळ अवस्था शोधायला गाळाचा आधार घेतात. पण तापमान आणि हवेतून येणारा नायट्रोजन दोन्ही बदललेलं असताना १८५० चे डायटम पुन्हा येतील अशी अपेक्षा धरायची का, यावर अभ्यासकांनी मोकळेपणाने बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर पाणी खरंच सुधारलेलं असूनही कागदावर ते तळं कायम नापासच राहील.