कन्सोलमधील ड्राइव्ह बदलल्यावर लोडिंग किती घटते: ठाण्यातील नोंदी

पाचपाखाडीतील घरी असलेल्या पहिल्या पिढीच्या प्लेस्टेशन ४ या सोनीच्या गेम कन्सोलमधील मूळ हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साटा एसएसडी (साटा या जोडणीचा, फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) बसवण्याचे काम पूर्ण झाले असून, ऐरोलीच्या मित्राच्या प्लेस्टेशन ५ मध्येही एम.२ ड्राइव्ह (पट्टीसारखा छोटा, वेगवान एसएसडी) बसवून झाला आहे. दोन्हीकडच्या मोजणीनंतर माझे मत पक्के झाले आहे: फिरत्या तबकडीवरून एसएसडीवर आल्यास मोठा फायदा होतो, परंतु चांगल्या एसएसडीवरून त्याहून वेगवान एसएसडीवर गेल्याने हाती फारसे काही लागत नाही.

मोजताना मी टीव्हीचा पडदा मोबाइलवर चित्रित करतो आणि ‘कंटिन्यू’ दाबल्यापासून पात्र प्रत्यक्ष हलू लागेपर्यंतचा वेळ चित्रफितीवरून काढतो. प्रत्येक मोजणीआधी कन्सोल पूर्ण बंद करतो, कारण रेस्ट मोडमधून (कन्सोलच्या झोपेच्या अवस्थेतून) उठवलेला गेम आधीच मेमरीत असतो आणि मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

प्लेस्टेशन ४ चे काम सोपे आहे. डावीकडचे चकचकीत झाकण बाजूला सरकवले की त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन कोरलेला एकच स्क्रू दिसतो, आणि तो काढल्यावर डिस्कचा ट्रे ओढून बाहेर घेता येतो. सेव्ह डेटा आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा. नव्या ड्राइव्हवर सिस्टीम चढवण्यासाठी नेहमीची छोटी अपडेट फाइल चालत नाही, पूर्ण इन्स्टॉलेशनची मोठी फाइलच लागते.

बदलानंतर मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये मिनिटभराचे लोडिंग अर्ध्या मिनिटाच्या थोडे वर आले. याचे श्रेय मेगाबाइट प्रति सेकंद या आकड्यापेक्षा शोधवेळेला, म्हणजे हवा तो डेटा सापडेपर्यंतच्या वेळेला, द्यावे लागेल. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्यात हेड सरकण्याचे साधारण १२ मिलिसेकंद मिळवले, तर विखुरलेले हजार तुकडे वाचताना सुमारे साडेसतरा सेकंद केवळ शोधण्यातच जातात. एसएसडीला तेच काम सेकंदाच्या अंशात जमते. हा शोध वाचावा म्हणून हार्ड डिस्कच्या काळात अनेक गेममध्ये तोच डेटा जागोजागी पुन्हा ठेवला जात असे आणि त्यामुळे गेमचा आकारही फुगत असे.

मग लोडिंग शून्यावर का आले नाही? पहिल्या प्लेस्टेशन ४ चा साटा-२ दुवा (ड्राइव्ह जोडणारा मार्ग) सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे डिस्कवरचा डेटा कॉम्प्रेस केलेला (दाबून लहान केलेला) असतो आणि तो उलगडण्याचे ओझे १.६ गिगाहर्ट्झच्या जॅग्वार प्रोसेसरवर पडते. ड्राइव्ह कितीही चपळ असला, तरी प्रोसेसर उलगडेल त्याच गतीने गेम पुढे सरकतो.

प्लेस्टेशन ५ मध्ये नेमकी हीच अडचण दूर केली आहे. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये मांडलेल्या रचनेनुसार आतील ८२५ गिगाबाइटचा एसएसडी सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचतो आणि क्रॅकन या पद्धतीने कॉम्प्रेस केलेला डेटा उलगडण्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर असल्याने प्रत्यक्षात ८ ते ९ गिगाबाइट हाती येतात. मित्राचा ड्राइव्ह सेकंदाला ७,००० मेगाबाइटच्या वर्गातला आहे. एकच गेम आधी आतील एसएसडीवरून आणि मग त्या ड्राइव्हवरून चालवला, तेव्हा जो फरक आला तो आमच्या मोजणीच्या चुकीइतकाच होता. हे स्वाभाविक आहे, कारण प्रत्येक ग्राहकाकडे जो ड्राइव्ह असणारच, तोच धरून गेम बांधले जातात.

म्हणून सोनीने सुचवलेली सेकंदाला ५,५०० मेगाबाइटची पातळी गाठणारा ड्राइव्ह घ्यावा आणि उरलेले पैसे क्षमता व हीटसिंकवर (ड्राइव्हची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर) घालावेत. ठाण्याच्या मे महिन्यात बंद टीव्ही कपाटात कन्सोल ठेवणाऱ्यांनी तर हीटसिंकवर काटकसर करूच नये. फक्त ड्राइव्हसह एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत बसते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे.

पुढची मोजणी प्लेस्टेशन ५ वर चालणाऱ्या जुन्या प्लेस्टेशन ४ गेमची आहे. ते यूएसबीला जोडलेल्या एसएसडी किंवा हार्ड डिस्कवरूनही चालतात, त्यामुळे घरच्या कन्सोलमधून निघालेल्या हार्ड डिस्कला यूएसबी केसमध्ये घालून आतील एसएसडी, यूएसबीवरील एसएसडी आणि ही हार्ड डिस्क अशा तिघांची तुलना करणार आहे.