वाड्यातलं वायफाय, नोंद तिसरी: अंगणातून फायबर टाकलं

मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना घर माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. वरूड तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं गाव. पुढची सपरी (ओसरी) आणि माजघर आजोबांच्या काळचं, पांढऱ्या मातीचं. टेप लावून मोजली तर भिंत सव्वादोन फूट भरते. मग अंगण, अंगणापलीकडे स्लॅबच्या २ खोल्या आणि त्यांना लागून टिनाचा गोठा. माणसं ११. संध्याकाळी सातनंतर पुतणीचा नीटचा क्लास, दादाचे बाजारभाव, आजीचं कीर्तन, टीव्ही आणि गोठ्यातला कॅमेरा, सगळं एकाच वेळी सुरू असतं.

सपरीत राउटरजवळ फोनवर −४२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) दिसतं, माजघरात −६३, मागच्या खोलीत −८४. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे माजघरापासून मागच्या खोलीपर्यंतच सिग्नल सव्वाशे पट घटतो. हे राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे लांब पोचणाऱ्या पट्ट्याचं. ५ गिगाहर्ट्झ मागे दिसतच नाही. मे महिन्यात माजघराच्या खिडकीत कूलर बसला आणि मागचा आकडा आणखी ८ ने खाली आला. लोखंडी पत्रा आणि पाण्याने भरलेली टाकी, दोन्ही ऐन वाटेत. पुतणी रोज सांगायची, "काका, सर पुन्हा अटकले."

मोठ्या अँटेनांचा राउटर मी पहिल्या नोंदीतच बाद केला होता. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा ट्रान्समीटर लहानच राहतो. नंतर मित्राकडून २ डब्यांचा मेश संच (एकमेकांना बिनतारी जोडून वायफाय पुढे नेणारे डबे) आणून आठवडाभर लावला. मागे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १८ मिळाले. दुसरा डबा ज्या रेडिओवर पुढच्या डब्याकडून घेतो त्यावरूनच फोनला देतो, त्यामुळे निम्मा वेळ तिथेच जातो, आणि भिंत तर दोघांच्या मध्ये आहेच. मेश वाईट नाही. विटांच्या फ्लॅटमध्ये तो चांगला चालतो. मातीच्या वाड्यात मात्र दोन डब्यांच्या मध्ये तार हवीच, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

तार कोणती, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ३४ मीटर अंतराला कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) सहज पुरते, तिची मर्यादा १०० मीटर. पण दुकानात दाखवलेल्या स्वस्त केबलची तार ब्लेडने खरवडली तर आत चंदेरी निघाली. वर तांबं, आत ॲल्युमिनियम. ती नकोच म्हटलं. अस्सल तांब्याची घ्यायला निघालो तेव्हा दादाने आठवण करून दिली की मृग आठ दिवसांवर आला आहे. आमच्याकडे पहिल्या पावसाआधी विजा फार कडाडतात. दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांब्याची तार असली की जवळ कुठेही वीज पडली तरी तारेत झटका उठतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जाऊ शकतात. फायबरमध्ये काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, केबलीत धातू नसेल तर हा प्रश्नच येत नाही.

म्हणून दोन्ही टोकांना एससी कनेक्टर (चौकोनी फायबर प्लग) बसवलेली ४० मीटरची सिंगल मोड (बारीक गाभ्याची) फायबर केबल घेतली. घेताना पाहा, बऱ्याच केबलींमध्ये आधाराला पोलादी तार असते. माझ्या केबलीत तिच्या जागी फायबरग्लासची काडी आहे. जोडीला २ मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश परत सिग्नलमध्ये बदलणारे डबे. एकाच धाग्यावर जाणं-येणं होत असल्याने एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवतो, दुसरा १५५० वर. म्हणून जोडीत एक ए आणि एक बी लागतो, दोन्ही सारखे आले तर दिवाच लागत नाही. कुंपणाच्या भिंतीला एक इंची पीव्हीसी पाइप लावला. अर्ध्या इंचीतून कनेक्टर जात नाही.

मागच्या टोकाला साधा वायफाय ६ चा ड्युअल बँड राउटर, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता. डीएचसीपी (फोनांना नेटवर्कचे पत्ते वाटणं) बंद, ते पुढचा राउटर करतो, नाव-पासवर्ड पुढच्यासारखाच, पुढे चॅनल १, मागे ११, म्हणजे दोघे एकमेकांत घुसत नाहीत.

जागेचं सांगतो, कारण विदर्भात ते महत्त्वाचं आहे. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. गोठ्यात टिनाखाली दुपारी थर्मामीटर ४९ दाखवत होता. तिथे एकही डबा ठेवला नाही, कॅमेऱ्याला मागच्या खिडकीतून २.४ वर सिग्नल मिळतो. पुढचा राउटर मात्र मातीच्या भिंतीवर आरामात आहे.

लाइट गेल्यावरचं गणितही करा. मिनी यूपीएसवर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. पुढे ओएनटी (इंटरनेट कंपनीची फायबर जिथे येते तो डबा), राउटर आणि कन्व्हर्टर मिळून ११ वॅट घेतात, तेव्हा पावणेतीन तासांपेक्षा जास्त धरू नका. ओएनटी १२ व्होल्टचा आणि कन्व्हर्टर ५ व्होल्टचा आहे, म्हणून दोन्ही आउटपुट असलेला घेतला. मागे दुसरा.

आता मागच्या खोलीत −४५ आणि ९४ एमबीपीएस. एक अडचण उरली होती. बाबा बोलत बोलत मागे आले तरी त्यांचा फोन सपरीतल्या राउटरलाच चिकटून राहायचा. काल पुढच्या राउटरची २.४ वर पाठवण्याची ताकद २० वरून १४ डीबीएमवर आणली. आता तुळशीपाशी आले की फोन मागचा राउटर धरतो.