४,१६५ लिटर पेट्रोल आणि एक आचरट विनोद

सोलापूर, रविवार, रात्री साडेअकरा

'ट्रॉपिक थंडर' आज पुन्हा पाहिला, वही शेजारी ठेवून. २००८चा सिनेमा, बेन स्टिलरचा, युद्धपट करायला निघालेल्या नटांचं विडंबन. नट, एजंट, निर्माते, हॉलिवूडमधल्या कुणालाच त्यात सोडलेलं नाही, आणि भाषा अशी की घरच्यांसोबत पाहायची सोय नाही. पण बांधणी खऱ्या युद्धपटाची आहे आणि हसू त्या बांधणीतूनच येतं.

सुरुवातीचा स्फोटच घ्या. कथेत दिग्दर्शक नटांच्या भांडणात अडकलेला असतो, स्फोटवाला गैरसमजाने बटण दाबतो आणि चाळीस लाख डॉलरचा शॉट वाया जातो, कारण कॅमेरे बंद असतात. एवढ्या एका विनोदासाठी प्रत्यक्षात १३७ मीटर लांबीची स्फोटक भांड्यांची रांग लावली होती. तीत ४,१६५ लिटर पेट्रोल. सव्वा सेकंदाचा जाळ, एकच टेक, आणि तो टिपायला बारा कॅमेरे. ही आग खोटी वाटली असती तर नुकसानही खोटं वाटलं असतं आणि कुणी हसलं नसतं. छायाचित्रण जॉन टोल यांचं, 'द थिन रेड लाइन'सारखा गंभीर युद्धपट टिपलेल्या माणसाचं. माझ्या मते ही निवड अर्ध्या पटकथेच्या तोलाची आहे.

त्याआधी दाखवलेले, अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांचे खोटे ट्रेलरही तसेच. त्यांवर युनिव्हर्सल, न्यू लाइन, फॉक्स सर्चलाइट यांची खरी बोधचिन्हं झळकतात, त्यामुळे पहिले काही सेकंद प्रेक्षक फसतो.

आपल्याकडे मोबाइलवर विडंबन करणारी पोरं नेमकी इथे घाई करतात. पहिल्याच फ्रेममध्ये वाकडी मिशी, डोक्यावर विग, आणि नट स्वतःच हसतोय. विडंबनाचे पहिले दहा सेकंद अस्सल मारधाडपटासारखे दिसले पाहिजेत. हिरोची एंट्री हिप्परगा तलावाकाठी घ्यायची तर सकाळी आठच्या आत घ्या. एप्रिलच्या उन्हात अकरानंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, आकाश पांढरं होतं आणि सगळं लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसायला लागतं. स्लो मोशन सेकंदाला साठ फ्रेमवर घेऊन चोवीसवर चालवा. तिसावर घेऊन एडिटिंगमध्ये ताणलं की चाल अडखळते. सोलापूरच्या पूर्व भागात संवाद घेताना आधी यंत्रमाग ऐका. ती खटखट नंतर पुसायला गेलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा माग बंद असताना घ्या, किंवा बंद खोलीत चादरी टांगून डबिंग करा. चादरींना इथे काय तोटा!

आता शिवी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून चावट अर्थ शेवटच्या शब्दावर उलगडता येतो. पोरं शिवी सुरुवातीलाच हाणतात, हशा पिकतो आणि पुढचा खरा टोमणा त्यात बुडतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या बावळट तोंडाने वाक्य पुरं करतो, मग थांबतो, आणि अर्थ लावायचं काम समोरच्यांवर सोडतो. दादा कोंडक्यांची द्वयर्थी वाक्यंही ऐका, वरवरचा अर्थ अगदी सोज्वळ लागतो. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषांतल्या शिव्या हाताशी आहेत. एका प्रसंगाला एकच पुरे.

प्रमाण चुकलं की काय होतं तेही याच सिनेमात दिसतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाची भूमिका करून पुरस्कार मिळवू पाहणाऱ्या नटावर टीका करायची होती, पण तो अपमानकारक शब्द इतक्यांदा उच्चारला की नेम त्या माणसांवरच गेला. अपंगांच्या संघटनांनी निषेध केला, आणि तो रास्त होता. याउलट रॉबर्ट डाउनी ज्युनियरने रंगवलेला नट कातडी काळी करून कृष्णवर्णीय सैनिक बनतो, तेव्हा त्याच्याशेजारी एक खराखुरा कृष्णवर्णीय नट उभा केलाय, क्षणोक्षणी त्याला झापणारा. त्यामुळे हसू वंशावर न जाता नटाच्या अहंकारावर जातं. त्या शेजाऱ्याला काढून पटकथेतला तोच प्रसंग वाचून पाहिला, पान असह्य झालं.

आणि डाउनी! सिनेमात त्याचं पात्र म्हणतं, डीव्हीडीवरची कॉमेंटरी होईपर्यंत मी भूमिकेतून बाहेर येत नाही. सिनेमाच्या खऱ्या डीव्हीडीवर कॉमेंटरीला बसला तेव्हाही तो त्याच आवाजात बोलत राहिला.